देव्हाऱ्यात इतक्या सासवा

आत्याबाई, तुम्ही हरवला आहात. असं तोंडावर सांगणं बरं दिसत नाही, पण तुम्ही तरी मला कधी काय गुंडाळून सांगितलं होतं? तुम्ही गेल्यावर तुमच्या लेकानं सांगलीच्या सोनाराकडून तुमचा चांदीचा टाक घडवून आणला आणि देव्हाऱ्यात खंडोबाच्या डाव्या अंगाला बसवला. तो टाक आता कोणता, हे घरात कुणालाच सांगता येत नाही. मागच्या वर्षी तुमचा लेकही गेला. त्याचं वर्षश्राद्ध तोंडावर आलं आहे. रीतीप्रमाणं त्याचाही टाक करून तुमच्या शेजारी बसवायचा, आणि तुमचा शेजार कुठला तेच आम्हाला ठाऊक नाही. म्हणून हे पत्र.

मला अक्षर येत नाही हे तुम्हाला ठाऊक आहे, तुमच्यासारखीच मी. लिहिते आहे माझी सून. म्हणजे बघा, सून लिहिते, सासू सांगते आणि ऐकायला सासूची सासू. ती सांगलीत वाढलेली, शिकलेली; माझं बोलणं धुऊन, पिळून, इस्त्री करून कागदावर घालते. मी म्हटलं, "माझं धू खुशाल, पण दुसऱ्यांच्या तोंडचं हाय तसं ठेव." पहिल्याच ओळीला हात थांबला तिचा. "आई, हरवला आहात असं लिहू व्हय खरंच? सासूला?" "लिही की. माझ्या माघारी तू ह्याहून वंगाळ लिहिशील." हसली. नाही मात्र म्हणाली नाही.

मी मेढ्याकडची. तिकडं पावसाळ्यात भिंतींनासुद्धा पाणी सुटतं, चुलीवर वाळत घातलेलं लुगडं धुराचा वास घेतं पण वाळत नाही. लग्न होऊन तुमच्या कवठे महांकाळच्या माळावर आले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तांदूळ धुवायला बसले. एकदा धुतले, परत धुतले, आणि आणखी एकदा पाणी ओतायला तांब्या उचलला, तर मागून येऊन तुम्ही माझं मनगट धरलं. घट्ट. बांगडी वाजली. "तुझ्या म्हायेरात ढग पाणी भरत्यात. हितं मी भरते." एवढंच बोललात आणि त्या तांब्यातलं पाणी परत घागरीत ओतलंत. पुढं कितीतरी वर्षं मी पाण्याला हात लावला की आधी माझं मनगट तुमची वाट बघायचं. तुम्ही आम्हाला तांब्यानं मोजून पाणी देत होता. आंघोळीला किती, भांड्याला किती, म्हशीला किती. म्हशीला जास्त. मी एकदा म्हटलं होतं, पुढच्या जन्मी तुमच्याकडं म्हैस होऊन येईन. तुम्ही म्हणालात, "दूध देशील का?"

आणि तुम्हीच ती, जिनं मला एक हंडा पाणी दिलं. माझी पहिली मुलगी जन्मली आणि महिन्याच्या आत गेली. तुमचा लेक बर्फात कुठंतरी सरहद्दीवर. मी भिंतीकडं तोंड करून पडलेली, दूध भरून छाती दगड झालेली. तुम्ही उठता. चुलाण पेटवता, तांब्याचा मोठा हंडा वर चढवता, काठोकाठ भरलेला. दुष्काळाचं वर्ष आहे, विहिरीच्या तळाला चिखल आहे, आणि तुम्ही मला न्हाणीत बसवून डोक्यावरनं पाणी ओतता, ओतता, ओततच राहता. मी म्हणते, "आत्याबाई, पुरं." तुम्ही म्हणता, "गप बस. तुला कोण इचारतंय?" हंडा रिकामा होईपर्यंत थांबत नाही. त्या दिवशी म्हशीला पाणी कमी पडलं. ह्यावर आपण दोघी नंतर कधीच बोललो नाही. लेकालाही सांगितलं नाही. आता हे पहिल्यांदा सून ऐकते आहे.

तुम्ही गेलात तेव्हाही तो लांबच होता. तार पोचेपर्यंत आणि गाड्या बदलत तो येईपर्यंत तुमची राखसुद्धा कृष्णेला मिळाली होती. अंगणात बूट न काढता उभा राहिला आणि मला विचारलं, "कशी दिसत हुती?" मी काय सांगणार? म्हटलं, झोपल्यासारखी. मग आपल्याच पगारातून त्यानं तुमचा टाक करून घेतला. अंगठ्यापेक्षा थोडा मोठा पत्रा, वर टोक, मधोमध डोक्यावर पदर घेतलेली उभी बाई. इतरांना शेवटचं तोंड बघायला मिळालं, त्याच्या वाट्याला तो टाक आला. पलटणीत परत जाताना तो देव्हाऱ्यापुढं उभा राहून तुम्हाला सॅल्यूट ठोकायचा. मी हसायची. तो नाही हसायचा.

पलटणीतून सुटला, आम्ही गाव सोडून सांगलीत राहायला आलो, मग काही वर्षं तो तिथं एका बँकेच्या दारात बंदूक घेऊन बसला, आणि तेही संपलं तेव्हा खरा घरी आला. आत्याबाई, सुट्टीवर आलेला नवरा वेगळा आणि कायमचा आलेला वेगळा. सुट्टीवरच्याला कोंबडं कापतात. कायमचा आलेला पहाटे उठून सगळ्यांच्या चपला एका रांगेत लावतो. डाळींचे डबे त्यानं उंचीनं लावले, मसाल्यांचे रंगानं. ही सून तेव्हा नवी होती, बिचारी मोहरी शोधता शोधता रडकुंडीला यायची. मी म्हटलं, "आवं, ही पलटण न्हाई, सैपाकघर हाय. डबा हाताला सापडाय पायजे, त्यानं सलामी द्याय नगं." तो बाहेर गेला आणि बागेतल्या कुंड्या उंचीनं लावायला लागला. माणूस घरात होता, पण घरात त्याला काम नव्हतं. आम्ही दोघं जेवायला बसलो की काय बोलायचं ते सुचायचं नाही. इतकी वर्षं पत्रं दुसऱ्याकडून लिहून घेतलेली, दुसऱ्याकडून वाचून घेतलेली. समोरासमोर बोलायची सवयच नव्हती.

मग एकदा माझी जोडवी सैल करून घ्यायला आम्ही पेठेतल्या त्याच सोनाराकडं गेलो. दुकानात परातीत जुने टाक पडलेले, आटवायला काढलेले. लोक घरं वाटून घेतात, नवे देव करतात, जुने मोडीत देतात. सोनार मुशीत घालून त्याची चांदी करतो. तुमच्या लेकानं त्यातला एक उचलला. कडेवर लेकरू घेतलेली बाई. "ही कोण?" सोनार तागडीतनं मान वर न करता म्हणाला, "असंल कोणतरी." त्यानं ती बाई विकत घेतली. जोडवी तशीच राहिली. घरी येईपर्यंत गाडीवर पुढं बसून तो वाऱ्याशी बोलत होता, "कोणतरी असंल म्हणं. म्हणून काय आटवायची व्हय?"

तिथून लागलं ते वेड. सांगली, मिरज, कवठे महांकाळचा बाजार, साताऱ्याच्या पेठा, माझ्या माहेरी मेढ्यापर्यंत. जिथं सोनार तिथं आम्ही, तो पुढं आणि मी मागं गाडीवर. तो म्हणायचा, आटवायच्या आधी सोडवून आणतो. घोड्यावरचे वीर, कुत्रं घेऊन निघालेले, दोन बायकांच्या मधे उभा राहिलेला एक, त्याला आम्ही बिचारा म्हणायचो. रस्त्यात उसाचा रस प्यायचो. दुपारी पडवीत भिंग घेऊन तो बसायचा आणि मला हाक मारायचा, "अगं, ही बघ. हिचा पदर डोक्यावर न्हाई." मी सांगायची, "मग ती घरची लेक असणार, सून न्हाई." त्याला ते फार आवडायचं. लग्नाला किती वर्षं झाली होती, आणि मला वाटतं आम्ही बोलायला लागलो ते तेव्हा. मी चिडवायची, "सगळं तरुणपण सोताच्या बायकुला सोडून हिंडला, आता लोकांच्या बायका गोळा करताय." तो भिंग पुसत म्हणायचा, "ह्या भांडत न्हाईत."

ती सगळी मंडळी त्याच्या पलटणीतल्या लोखंडी पेटीत, मखमलीच्या तुकड्यावर. तुम्ही देव्हाऱ्यात. हे ठरलेलं. शेजारीण घाबरवायची, "दुसऱ्याची पितरं घरात आणू न्हाईत वो, मागं लागत्यात." मी म्हणायची, "माझ्या मागं आधीच एक लागल्यात. त्या काय दुसरीला येऊ देत न्हाईत." तो मात्र सांगायचा, हे देव नव्हेत, ही कलाकुसर आहे. मी विचारायची, "मग पेटी वलांडत का न्हाई?" वळसा घालून जायचा.

आता तुम्ही हरवलात कशा, ते सांगते. तुम्हाला ओळखायची खूण तुमच्या तोंडात नव्हती, आत्याबाई. टाकावर तोंड म्हणजे दोन ठिपके आणि एक रेघ. तुमची खूण म्हणजे तुमचा मळ. रोजचं हळद-कुंकू तुमच्या निऱ्यांत साठून काळपट झालं होतं, गळ्यापाशी हळदीचा थर, पायाशी तेलाचा. घट बसायच्या आधी सगळ्यांच्या घरी देव उजळतात तसे मी उजळायची, पण तुमच्यावरनं नुसतं ओलं बोट फिरवायची. जास्त पाणी वापरलं तर तुम्ही काय म्हणाल, ह्याची मला खात्री होती.

एका वर्षी मी न्हाणीत पाय घसरून पडले, उजवा हात प्लास्टरमध्ये. सुनेच्या माहेरी कोणी वारलं होतं म्हणून ती तिकडं. तुमचा लेक म्हणाला, "पडून ऱ्हा. देव मी उजळतो." आतल्या खोलीत मला घमेल्याचा आवाज येत होता, चिंचेचा वास येत होता. बराच वेळ. पलटणीत ज्यानं पट्ट्याचं बक्कल आणि टोपीचा बिल्ला जन्मभर घासला, त्याच्या हातात चांदी आणि चिंच पडल्यावर काय होणार? त्याला वाटलं, देव उजळतोच आहे तर पेटीतलेही काळे पडलेत, तेही एकदाच उरकू. सगळे एका घमेल्यात. मग हाक आली, "बघाय ये गं. एकदम परेड!"

अंगणात पांढऱ्या चादरीवर रांगा लावल्या होत्या. वर देव, त्याखाली घोडेस्वार, मग जोडपी, मग बाया. ऊन पडलेलं, बघवत नव्हतं इतकं चमकत होतं. तो कमरेवर हात ठेवून उभा. मी विचारलं, "आत्याबाई कुठं हायत?" तो वाकला. हात पुढं केला. आणि हात तसाच चादरीवर अधांतरी राहिला.

मी त्याला काही बोलले नाही. बोलायला हवं होतं का? तुम्ही असता तर बोलला असता. त्यानं गुडघे टेकले आणि एकेक बाई उचलून डोळ्याजवळ नेऊन बघायला लागला. कडेवर लेकरू असलेल्या बाजूला काढल्या, पदर नसलेल्या काढल्या, झिजून सपाट झालेल्या काढल्या. तरी ताटभर उरल्या. सगळ्या उभ्या, सगळ्यांच्या डोक्यावर पदर, सगळ्या लख्ख.

तुमचा टाक ज्यानं घडवला तो म्हातारा सोनार गेलेला. त्याच्या नातवापुढं ताट ठेवलं. त्यानं हसूनच सांगितलं, "आजोबा, कशी सांगू? आमच्या पणज्यापासनं बाईचा ठसा हा एकच हाय. गिऱ्हाईक म्हणतंय आईचा करा, आमी हाच ठोकतो. म्हणतंय बायकोचा करा, तरी हाच." तुमच्या लेकानं इतक्या वर्षांत टाकावरची निरी आणि निरी बघितली होती, हे एक त्याच्या लक्षात आलं नव्हतं. परत येताना त्यानं ताट मांडीवर दोन्ही हातांनी धरलं होतं. रिक्षावाल्याला वाटलं प्रसाद आहे.

त्यानंतर तो बाहेर पडायचा थांबला. भिंग कपाटात गेलं. रोज सकाळी ताटातली एक बाई उचलून खंडोबाच्या डाव्या अंगाला ठेवायचा आणि समोर पाटावर बसायचा. बघत बसायचा. मग उचलून ठेवायचा. दुसऱ्या दिवशी दुसरी. नातवंडं सुट्टीला आली की विचारायची, आजोबा काय खेळतायत? मी म्हणायची, तुमच्या पणजीशी लपाछपी.

मग त्याचा घास अडकायला लागला. आधी भाकरी, मग भात, मग पेजसुद्धा. मिरजेला नेला. नळीनं आत बघितलं, आणि डॉक्टरनं मुलाला बाजूला घेतलं. मला बाजूला घ्यायची गरज नव्हती, मुलाची पाठ बघून मला कळलं. तुमचा लेक खाटेवर बसून खिडकीकडं बघत म्हणाला, "आईनं अडवलाय घास." आत्याबाई, त्या दिवशी मी तुमच्यावर फार चिडले. तुम्ही पाणी अडवत होता, पण ताटातला घास तुम्ही कधी कुणाचा अडवला नाही, आल्यागेल्याचासुद्धा नाही. मी त्याला तेच सांगितलं. तो म्हणाला, "तसं न्हवं गं. मी गेलो की मला करशील, आईशेजारी बसवशील. आणि ती आई न्हाई निघाली तर? तिच्या मातीला न्हाई पोचलो. आता मेल्यावर बी दुसऱ्याच्याच आईपाशी उभं ऱ्हायचं व्हय?"

ज्यानं पलटणीत आपली मेलेली माणसं पोत्यासारखी उचलून आणली, देवाधर्माचं ज्याला फारसं काही नव्हतं, त्याला मरणाची भीती नव्हती. त्याला ह्या एका गोष्टीची भीती होती. आणि औषधाचं दुसरे बघत होते. हे एवढंच माझ्या अंगावर होतं.

मी काय केलं सांगते. ताटातली एक उचलली, कोणतीही. निऱ्यांत कुंकू दाबलं, तेल लावलं, गॅसच्या मागं आठवडाभर ठेवली म्हणजे धूर धरेल. गॅसला धूर नसतो हेही मी विसरले. मग त्याच्या हातात दिली. म्हटलं, "आवं, ह्या बघा गावल्या. मखमलीखाली सरकल्या हुत्या." त्यानं तळहातावर घेतली. नखानं निरीतलं कुंकू उकरलं. "कुकू ताजं हाय," म्हणाला. मी म्हटलं, "परवा मीच लावलं की." तो म्हणाला, "तू खोटं बोलाय लागलीस की डोळं मोठं करतीस. नव्या नवरीवानी." आणि माझा हात धरून बसला. बाई तशीच त्याच्या दुसऱ्या मुठीत.

मग मुलानं तोडगा काढला. तो काही वाईट नाही आत्याबाई, तुमचाच नातू आहे, हिशेबी. बापाला म्हणाला, "दादा, त्या सगळ्या बाया आटवू आणि त्याच चांदीची एक करू. आज्जी त्यात असणारच की. शंकाच नको." मला ते पटलं, खोटं कशाला बोलू. ताटभर बायकांत मिसळून का होईना, तुम्ही त्यात असाल. तुमचं त्यांच्याशी पटलं नसतं, पण तो तुमचा प्रश्न. तुमच्या लेकाचा आवाज तोवर गेला होता, नुसती कुजबुज यायची. नाकात नळी. त्यानं मान हलवली. मुलाला वाटलं ऐकू गेलं नाही, त्यानं परत सांगितलं. तेव्हा तो एकेक शब्द उचलून ठेवल्यासारखा बोलला. "आईसाठी... लोकांच्या आया... मुशीत घालू? म्या सोडवून आणल्या." आणि मग माझ्याकडं बघून, "सगळ्या बसव."

"कुठं?"

"देव्हाऱ्यात."

मी कपाळाला हात लावला. "आवं, एक सासू मला जल्मभर पुरून उरली. आता ह्या वयात इतक्या सासवा करू व्हय?" तो हसला. आवाज नव्हता, पोट हलत होतं. मग ते हसणं खोकल्यात गेलं आणि नळीत रक्त आलं, आणि नर्सनं आम्हाला बाहेर काढलं. तेवढंच ते हसणं. पुढं काही दिवस तो होता, पण तुमच्याविषयी त्यानं परत विचारलं नाही. विचारत होता तोवर मला काम होतं. विचारायचा थांबला तेव्हा मी खाटेजवळ बसून त्याच्या चपला सरळ करत राहिले. एका दुपारी, मी बाहेर नळावर बाटली भरत होते तेव्हा, तो गेला. म्हणजे मीही पोचले नाही, आत्याबाई. दारापलीकडं होते, तरी.

मुलानं देव्हाऱ्याला फळी जोडून दिली. सगळ्या बसवल्या. खंडोबा आता बिचारा कोपऱ्यात गेला आहे, बायकांच्या गाडीत चुकून चढल्यासारखा. रोज सकाळी मी सगळ्यांना न्हाऊ घालते, पुसते, कुंकू लावते. माझ्या कपाळाचं गेलं आणि ह्यांना डब्याच्या डब्या लागतात. ही लिहिणारी परवा म्हणाली, "आई, सगळ्यांना एकदम पाणी मारून काढत जावा की, पाठ मोडंल." मी म्हटलं, तुला तुझी सासू अशी धुऊन काढायची असेल तर माझा टाक प्लास्टिकचा कर. काहीजणी आता ओळखू यायला लागल्या आहेत. एकीच्या कोपराला पोचा आहे, एकीचा पाय तुटका. पण तुमचा पत्ता नाही. मी युक्त्यासुद्धा केल्या. एकदा मुद्दाम पाण्याचा अख्खा तांब्या फरशीवर सांडला, मग आणखी एक, आणि मनगट पुढं धरून उभी राहिले. कुणी धरलं नाही. सून पळत आली आणि फरशी पुसायला लागली, मला म्हणाली, "लागलं का कुठं?" मी म्हटलं, नाही.

हे कागद कुठं धाडायचे, असं ती आता विचारते आहे. गावचं घर पुतण्यांकडं गेलं, तिथं तुम्ही असता तर त्यांनी कधीच कळवलं असतं, पाणी महाग झालं म्हणून. देव्हाऱ्यात ठेवावं तर तिथं इतक्याजणी, जी ती म्हणेल मलाच आलं. गादीखाली राहू दे. माझ्यानंतर जे काय करायचं ते ही करील.

एक सांगायचं राहिलं. सोमवारी सुनेनं मला रिक्षात बसवून पेठेत धाडलं होतं, तुमच्या लेकाचा टाक सांगायला. परत येऊन मी तिला म्हटलं, सोनाराचं दुकान बंद आहे, कोणी गेलंय वाटतं त्यांच्यात. आता हे लिहिता लिहिता ती थांबली आहे आणि माझ्याकडं बघते आहे. लिही गं बाई. दुकान उघडं होतं. सोनार होता, चहा मागवत होता. मी म्हटलं, मालकांचा टाक करायचाय. त्यानं खालचा खण उघडून पुरुषाचा ठसा काढला आणि माझ्यापुढं ठेवला. दोन ठिपके आणि एक रेघ. तुमच्या लेकाची डावी भुवई मधे तुटलेली होती, बर्फात पडला होता तेव्हाची. उभा राहताना भार उजव्या पायावर टाकायचा. बोलायच्या आधी खालचा ओठ आत ओढायचा. मी ठशाकडं बघत होते आणि सोनार विचारत होता, "पलटणीत हुते न्हवं? मग घोड्यावर करू का उभाच?" मी म्हटलं, "घरात इचारून सांगते," आणि पायऱ्या उतरले. अजून कुणाला विचारलेलं नाही.